सायकल डावीकडं ओढते

रविवार, १७ नोव्हेंबर १९९६

माझी सायकल डावीकडं ओढायला लागली आहे. आज पुणतांब्याच्या रस्त्याला दोनदा डांबर सोडून खाली उतरलो. दुसऱ्यांदा ऊस भरलेल्या बैलगाडीला वळसा घालताना तिच्या चाकाला माझं पायडल खर्रकन घासलं. गाडीवान जे बोलला ते इथं लिहीत नाही. त्यात माझ्या आईला ओढायचं काही कारण नव्हतं, ती माउली जन्मात सायकलवर बसली नाही.

हसू आलं खरं. गाडी लांबून दिसली होती. मग एवढी जवळ कशी आली?

आमच्या टोळक्याचा नियम इथं लिहून ठेवतो, कारण आज तो पहिल्यांदा मोडला. आम्ही चौघं. फाट्यावर सायकलचं दुकान चालवणारा श्रीमंत, पेरूच्या बागेवाले मच्छिंद्रतात्या, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स रंगुबाई, त्यांच्या लेडीज सायकलवर, आणि मी. दर रविवारी सकाळी निघतो, एका ओळीत. पुढचा माणूस रस्त्यात काय आहे ते ओरडून सांगतो, मागचे एकेक करून ते मागं देतात, आणि शेवटचा म्हणतो "पोचलं." ते ऐकू आल्याशिवाय पुढच्यानं वेग वाढवायचा नाही. हा नियम मीच घातला, घाटासाठी. दरवर्षी संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आम्ही एसटीच्या टपावर सायकली टाकून भंडारदऱ्याला जातो आणि अकोले गावापर्यंत घाट उतरतो. पुढं कायम मी. कारखान्याच्या वर्कशॉपात होतो तेव्हापासून मीच.

आज रंगुबाई मागून ओरडल्या, "नाना, डावीकडं शेळी."

मागून. पुढच्याला. मी उतरलो आणि म्हटलं, "बाई, आता शेपटीनं तोंडाला शिकवायचं का?"

"शेळी वाचली का न्हाई, ते बघा," त्या म्हणाल्या.

बाकीचे दोघं हसले नाहीत. श्रीमंत तर कशालाही हसतो.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

श्रीमंतच्या दुकानात सायकल उलटी करून तपासली. पुढचं चाक फिरवलं, तारा वाजवून पाहिल्या, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, बघितला, तो नव्हताच. मग चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय, त्याला सूत लावून पाहिलं.

"नाना, चिमटा सरळ हाय. सुतात हाय."

"मग वढती कशी?"

"आता ते मी काय सांगू." तो फडक्यानं हात पुसत बसला. पुसून झाले तरी पुसत होता. "चष्मा नवीन करून बघता का?"

"चष्म्याचा आन चिमट्याचा काय संबंध?"

त्यानं सायकल सुलटी करून माझ्या हातात दिली. चांगला कारागीर आहे, पण वय होत चाललं त्याचं. नजर पूर्वीसारखी राहिली नसावी.

रविवार, १ डिसेंबर

आज जाता आलं नाही. सकाळी पाहतो तर पुढचं चाक बसलेलं. बाभळीचा काटा असणार म्हणून ट्यूब काढली, पाण्याच्या घमेल्यात फिरवली. एक बुडबुडा नाही. ट्यूब धडधाकट. मग हवा गेली कुठं?

माझी बायको कलाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आजच्या दिवस. गरम भाकरी खा."

शुक्रवार, ६ डिसेंबर

विहारात वंदनेला गेलो. एवढ्या मेणबत्त्या लावल्या होत्या की उजेडाचं शेत पिकल्यासारखं. प्रत्येक ज्योतीभोवती रंगीत कडं दिसत होतं, पावसानंतर आकाशात दिसतं तसं. फार सुंदर वाटलं. कलाबाईला म्हटलं, "बघ, कसे रंग पडलेत." ती ज्योतीकडं बघायच्या ऐवजी माझ्याकडंच बघत राहिली.

"मला न्हाई दिसत रंग," म्हणाली.

हिला आताशा चोरपावलांनी चालायची सवय लागली आहे. विहाराच्या पायरीवर माझ्या शेजारी कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नाही. तिनं हात धरला तेव्हा मी केवढा दचकलो. पांढरं पातळ नेसलेली बाई, जवळ उभी, आणि मला पत्ता नाही.

घरी आल्यावर कपाळ दुखत होतं. धुराचं असावं.

रविवार, ८ डिसेंबर

आज दोन्ही चाकं बसलेली. दोन्ही व्हॉल्व्हच्या चकत्या सैल. आपोआप एक सैल होईल, दोन होत नाहीत. हे कुणी तरी हातानं केलं आहे.

पायाखालची फरशी गार वाटली एकदम. माझ्यावर कुणाचा एवढा राग असेल? वर्कशॉपात असताना कुणाशी भांडलो नाही. बुद्धवाड्यात आणि गावातही मला सगळे सहादूनाना म्हणतात. तरी कुणीतरी अंगणाच्या कुडाच्या आत हात घालून माझ्या सायकलीला लागलं. आज हवा सोडली. उद्या ब्रेकची पिन काढली तर? घाटात दरी डाव्या हाताला असते आणि कठडा असा नाहीच, नुसते चुना लावलेले दगड.

हवा भरून उशिरा पोचलो. चहा पिताना सांगितलं. श्रीमंत जमिनीकडं बघत बसला. मच्छिंद्रतात्यांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "नाना, औंदा घाटात पुढं मी ऱ्हाऊ का?"

"का? माझं काय बिघडलंय?"

"तुमचं न्हाई. सायकल वढती म्हणता ना तुमी. म्हणून म्हटलं."

"तात्या, तुमी पुढं म्हणजे आमी अकोल्याला पोचंस्तवर संक्रांत होऊन जाईल," मी म्हणालो.

एरवी ह्यावर त्यांनी माझी सात पिढ्यांची उजळणी केली असती. आज नुसतं "व्हय, ते बी खरंच," म्हणाले. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

शनिवार, १४ डिसेंबर

सायकल घरात घेतली आहे. माझ्या खाटेला टेकवून, साखळी घालून. आता बघू.

रविवार, १५ डिसेंबर

हवा नाही.

दाराला आतून कडी होती. खिडकीला गज आहेत. घरात मी आणि कलाबाई. कुणी आलं तर कुठून आलं? खाटेपासून हातभर अंतरावर येऊन गेलं आणि मला जाग आली नाही. देव, भूत मी मानत नाही, बाबासाहेबांच्या माणसानं मानू नये. पण आज दिवसभर पाठीमागं कुणीतरी आहे असं वाटत राहिलं. पाठीमागंसुद्धा नाही, डाव्या खांद्याशी. वळून बघितलं की कुणी नसतं, नाहीतर कलाबाई असते.

तिला म्हटलं, "कुणीतरी मला पाडायला बसलंय."

ती चुलीपुढं होती. म्हणाली, "पाडायचं आसंल तर हवा कशाला सोडंल कोन? हवा नसल्यावर मानूस घरीच ऱ्हातो की."

"तुला सायकलीतलं काय कळतंय?"

"न्हाईच कळत," ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. बोटं काळी होती तिची, तेलकट. तवा घासला म्हणे. पिठाला लागतील म्हणून मीच हात धुवायला लावले.

गुरुवार, १९ डिसेंबर

डाव्या कपाळात ठणका. सुंठ उगाळून लावली. भीती वाटते. कशाची ते नीट सांगता येत नाही, म्हणून जास्त वाटते.

रविवार, २२ डिसेंबर

आज माझ्या हातून माणूस पडलं.

बाजाराच्या रस्त्यानं हळू चाललो होतो. पुढं मीच. भाजी विकणारी साळूबाई मेथीची पाटी घेऊन कडेनं चालली होती, म्हणे. मला ती दिसलीच नाही. धक्का बसला, मी हँडल सोडून पडलो, उठून बघतो तर म्हातारी मातीत बसलेली, कोपर फुटलेलं, आणि सगळीकडं मेथी. म्हातारी जागच्या जागी जमिनीतून उगवली असती तरी मला इतकं नवल वाटलं नसतं.

"दादा, एवढी मोठी बाई दिसली न्हाई व्हय तुला?" ती रडत नव्हती, खरंच विचारत होती.

"सायकलनं वढलं गं माय," मी म्हणालो.

रंगुबाईंनी पिशवीतून कापूस काढला, कोपर बांधलं. साळूबाईला श्रीमंतच्या दुकानात नेऊन चहा दिला. मग माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "नाना, माझ्या नाकाकडं बघा. नजर हलवू नका. हा हात दिसतोय का?"

"कुठला हात?"

त्यांनी हात खाली घेतला. मला राग आला. म्हटलं, "बाई, तुमच्या दवाखान्याचं खूळ माझ्यावर नको. चौथीनंतर शाळा न्हाई पाहिली, पन वाचनालयातली कपाटं वाचून काढलीत. आजचं वर्तमानपत्र आना, बारीक अक्षर वाचून दाखवतो." आणि दाखवलं. श्रीमंतच्या दुकानात उभं राहून बाजारभावाचं सगळं सदर घडाघडा वाचलं, कांद्यापासून एरंडीपर्यंत.

"समोरचं चांगलं दिसतं तुम्हाला," रंगुबाई म्हणाल्या. "ते मी कुठं न्हाई म्हणते."

"मग झालं तर."

"डोळ्याच्या मोठ्या डॉक्टरकडं नगरला जाऊ. मी येते बरोबर."

"मला मोतीबिंदू न्हाई. मोतीबिंदूवाल्याला धूसर दिसतं."

"मोतीबिंदूच असतो का एकटा?" एवढं बोलून त्या गेल्या.

साळूबाईचं कोपर डोळ्यापुढून जात नाही. तिच्याजागी शाळेतलं पोर असतं तर? आज सबंध सायकल खोलून ठेवली. चाकांतले छर्रे रॉकेलमध्ये टाकलेत. चूक सापडल्याशिवाय जोडणार नाही.

रविवार, २९ डिसेंबर

चूक सापडली नाही. छर्रे गोल, त्यांच्या वाट्या नीट, फ्रेम सरळ. पुन्हा जोडली, ग्रीस भरलं. घराच्या अंगणातच एक फेरी मारली आणि तुळशीच्या नाही, आमच्याकडं ती नाही, मोगऱ्याच्या कुंडीवर गेलो. डावीकडच्या.

म्हणजे सूत लावून दिसणार नाही असं काहीतरी कुणी केलं आहे. आणि असं करायची अक्कल फक्त वर्षानुवर्षं सायकल चालवणाऱ्याला असते. असा विचार करत दुकानात गेलो आणि तिथं मच्छिंद्रतात्या बसलेले दिसले.

जे बोललो ते बोललो. म्हटलं, "तात्या, तुमाला पुढं ऱ्हायचं हुतं तर तोंडानं मागायचं. माझ्या सायकलीला हात कशाला लावला?"

तात्यांच्या हातात पेरू होता. दर रविवारी ते माझ्यासाठी बागेतला पेरू आणतात, पाडाला लागलेला, कारण माझे दात तसलेच राहिलेत. त्यांनी तो पेरू हळूच काउंटरवर ठेवला.

"मी, व्हय?" म्हणाले.

श्रीमंत मधे पडला, "नाना, आवो, काय बोलताय."

"ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "पुढल्या रविवारी सायकल घेऊन कॅनॉलवर या, नाना. तिथं दाखवतो काय केलंय ते."

ते गेले. पेरू तसाच होता. मी घेतला नाही. दाखवतो म्हणजे काय? कबूल करणार? का आणखी काही? कॅनॉलला पाणी सुटलं आहे, दोन्ही काठ भरून.

शुक्रवार, ३ जानेवारी १९९७

कलाबाईला सांगितलं की रविवारी तात्या कॅनॉलवर बोलावतात. वाटलं, घाबरून जाऊ नका म्हणेल. म्हणाली, "जा. मी बी येते." आज तिनं सायकलीकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

रविवार, ५ जानेवारी

चाकात हवा होती.

कॅनॉलच्या भरावर मातीचा रस्ता आहे, सरळ, कारखान्याच्या धुराड्याकडं जाणारा. डाव्या हाताला पाणी. श्रीमंत, रंगुबाई आधीच आले होते. कलाबाई माझ्या कॅरेजवरून उतरून भरावर बसली. येताना साऱ्या वाटेनं ती माझ्या पाठीला हाताच्या बोटानं खुणावत होती, उजवीकडं, उजवीकडं, आणि मी तिला विचारलंसुद्धा नाही की का.

तात्या आले. रामराम नाही, काही नाही. माझी सायकल घेतली. म्हणाले, "वढती ना डावीकडं? बघा मग."

बसले, चार पायडल मारली आणि दोन्ही हात सोडले.

माझा जीव गोळा झाला. सत्तरीकडं झुकलेला माणूस, पोहता येत नाही, एका अंगाला भरलं पाणी. सायकल जराशी ओढली असती तर सरळ आत. मी "तात्या" म्हणून हाक मारली. त्यांनी हात छातीवर बांधले. चाकाची रेघ मातीत उमटत गेली, दोरी धरून आखावी तशी. धुराड्याकडं, लहान होत होत. एक वीत इकडं नाही, तिकडं नाही.

सायकल सरळ होती. मग वाकडं काय होतं?

मला कुणी सांगितलं नाही. मी आपला उजवा डोळा तळहातानं झाकला.

तात्या गेले. धुराडं गेलं. पाणी गेलं. कडेला वेड्या बाभळीच्या फांदीएवढा उजेड राहिला, बाकी नुसतं करडं, राख पसरल्यासारखं. हात काढला, सगळं परत. पुन्हा झाकला. पुन्हा राख. किती वेळा केलं असेल कुणास ठाऊक. शेवटी कलाबाईनं माझा हात धरून खाली आणला.

"आसं नका करू आता," म्हणाली. "कळलं ना."

"तुला ठाऊक हुतं?"

"वाढलेलं डावीकडचं तुमी खात न्हाई, दिवाळीपासून. पयलं वाटलं चटणी आवडत न्हाई."

तात्या सायकल हातात धरून चालत परत आले. घामानं भिजले होते. मी पाय धरायला वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून उभं केलं. "आमी तिघं तोंडानं सांगत हुतो, नाना. तुमी चिमट्याशिवाय कशाचं ऐकत न्हाई. म्हणून म्हटलं, चिमट्यालाच बोलू द्यावं."

बुधवार, ८ जानेवारी

नगरहून आलो. रंगुबाई आणि कलाबाई बरोबर. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेला, उजव्यालाही सुरुवात झाली आहे. गेलं ते येणार नाही, आहे ते राखायचं, थेंब आयुष्यभर घालायचे. डॉक्टर चांगला होता, घाईत नव्हता. मी विचारलं, "उजवा कधीपर्यंत?" तो म्हणाला, "थेंब चुकवू नका." ते उत्तर नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

आता उठलो की अंथरुणातूनच दाराची कडी शोधतो. दिसेपर्यंत श्वास घेत नाही.

शनिवार, ११ जानेवारी

एकट्यानं सायकल चालवायची नाही असं ठरलं. ठरवलं त्या तिघांनी आणि कलाबाईनं, मी फक्त मान हलवली. उद्या घाटाला मी येणार नाही म्हटलं तर तात्या म्हणाले, "कोन इचारतंय? माझ्या कॅरेजवर गादी बांधलीय."

संध्याकाळी अंगणात कलाबाई माझ्या सायकलीला पंप मारत होती. पदर खोचून, अगदी श्रीमंतसारखी.

"तुला कुणी शिकवलं?"

"सोडायला शिकले, मग भरायला काय लागतंय?"

मी ओट्यावर बसलो. एवढे दिवस मी ज्याला घाबरत होतो ते हेच. चुलीपुढं बसून मला भाकरी वाढत होतं. तिला विचारलं, "भीती न्हाई वाटली? मी कुनावर बी आळ घेत हुतो."

"लई वाटली," ती म्हणाली. "पन तुमी घरात बसून शिव्या देत हुता. रस्त्यावर न्हवता."

मग म्हणाली, "चाकं बसली की रबर चिरतं म्हणता ना तुमी. म्हणून भरून ठेवते. उभी ऱ्हाऊ द्या."

रविवार, १२ जानेवारी

उतरलो. अकोल्याच्या स्टँडवर बसून लिहितो आहे, एसटीला वेळ आहे.

पुढं रंगुबाई, मग श्रीमंत, मग तात्या, आणि तात्यांच्या मागं गादीवर मी, शेवटचा. इतकी वर्षं पुढं राहिलो, मागून घाट कसा दिसतो ते माहीतच नव्हतं. ब्रेक माझ्या हातात नाही, हँडल नाही, दोन माणसांचं वजन आणि उतार. हात तात्यांच्या कमरेला. ज्या माणसावर मी आळ घेतला त्याच्या पाठीला कान लावून बसलो होतो. त्यांचं काळीज ऐकू येत होतं, तेही काही शांत नव्हतं.

"भ्या वाटतंय का?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मला बी. गप बसा."

पुढून रंगुबाईंचा आवाज यायचा. "उजवा खड्डा." श्रीमंत, "उजवा खड्डा." तात्या, "उजवा खड्डा." मी, "पोचलं." जीप आली, म्हशी आल्या, वाळत टाकलेलं भात आलं. मी म्हणत होतो, पोचलं, पोचलं. घसा कोरडा पडला.

मग ते मोठं वळण आलं, चुन्याच्या दगडांचं. वारा डाव्या गालावर लागायला लागला, खालून येणारा, गार. मान वळवली नाही. वळवली असती तर उजव्या डोळ्याला खालचा तळ दिसला असता, पण वळवायचं धाडस नव्हतं. नुसता वारा, आणि त्या बाजूला करडं.

पुढून रंगुबाई ओरडल्या, "डावीकडं दरी."

इतक्या वर्षांत दरी कुणी पुकारली नव्हती. ती पुकारायची नसते, सगळ्यांना दिसते.

"डावीकडं दरी," श्रीमंत म्हणाला.

तात्यांच्या पाठीला माझा कान होता, तरी ते मान मागं करून मोठ्यांदा म्हणाले, "नाना, डावीकडं दरी."

खाली सगळे ब्रेक धरून होते. कुणी वेग वाढवत नव्हतं. माझी वाट बघत होते.

मी म्हणालो, "पोचलं."